उत्तर आधीच ठरलेला प्रश्न

दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा.

पहिलं : ‘नवीन लाभार्थी जोडा आणि त्याला ५,००० रुपये पाठवा.’

दुसरं : ‘तुमचा मुलगा पुण्यात भाड्याच्या खोलीत राहायला गेला आहे. खोलीच्या मालकांना तुम्ही याआधी कधीच पैसे पाठवलेले नाहीत. या महिन्याचं ५,००० रुपये भाडं तुम्हाला या अ‍ॅपमधून त्यांच्या बँक खात्यात पाठवायचं आहे. खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड खाली दिला आहे.’

बँकेचं अ‍ॅप तेच, स्क्रीन तीच, बटणही तेच. बटणावर लिहिलंय ‘लाभार्थी जोडा’. पण पहिलं वाक्य वाचणाऱ्याला बँकिंगमधलं काहीही कळण्याची गरज नाही. त्याला फक्त अक्षरं जुळवता यायला हवीत. प्रश्नात ‘लाभार्थी’, स्क्रीनवर ‘लाभार्थी’, ठेवलं बोट की झालं काम. शाळेतल्या ‘जोड्या लावा’सारखं.

दुसरं वाक्य वाचणाऱ्याला मात्र एक शोध स्वतः लावावा लागतो. आपल्या मनातलं ‘मालकाला भाडं पाठवणं’ म्हणजेच या अ‍ॅपच्या भाषेतलं ‘लाभार्थी जोडणं’ आहे, हा तो शोध. आणि तो वाटतो तेवढा सोपा नाही. आपल्याकडे गावात ‘लाभार्थी’ म्हणजे ज्याचं नाव योजनेच्या यादीत आहे तो. घरकुलाचा लाभार्थी, निराधार योजनेचा लाभार्थी, लाडकी बहीण योजनेची लाभार्थी. ज्याला सरकारकडून काहीतरी मिळतं तो. दर महिन्याला आपल्याकडूनच पैसे घेणारा खोलीमालक लाभार्थी कसा? (नीट हिशेब केला तर तोच खरा लाभार्थी, ही गोष्ट वेगळी.)

सॉफ्टवेअरच्या धंद्यात या वाक्यांना ‘टास्क’ म्हणतात. अ‍ॅप किंवा वेबसाइट लोकांना वापरता येते की नाही हे तपासायच्या चाचणीला यूजेबिलिटी टेस्ट म्हणतात, आणि त्यातला एक प्रकार म्हणजे अनमॉडरेटेड टेस्ट. यात चाचणी घेणारा माणूस समोर नसतो. लोकांना एक लिंक जाते. ते आपापल्या घरी, आपल्या वेळेला, आपल्या फोनवर टास्क वाचतात आणि करून बघतात. स्क्रीन रेकॉर्ड होते, कधी आवाजही. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात रिपोर्ट तयार असतो : किती जणांनी काम पूर्ण केलं, किती सेकंद लागले, कुठे कुठे बोट लावलं. मेझ, यूजरटेस्टिंग अशी यासाठीची टूल्स आहेत. स्वस्त, झटपट, कुणाच्या कॅलेंडरची वाट बघायला नको.

म्हणजे त्या माणसाच्या आणि आपल्या मध्ये उरतं ते फक्त एक वाक्य. ते वाक्य कसं लिहायचं हा वरवर कौशल्याचा प्रश्न आहे, आणि त्याचे नियम अर्ध्या तासात शिकता येतात. पण त्या नियमांच्या खाली मला एक नैतिक प्रश्न दिसतो. एखाद्याला खरोखर विचारणं म्हणजे काय? आणि विचारल्याचं नाटक करणं कुठून सुरू होतं?

*

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा फार गाजला होता. विल्हेल्म फॉन ओस्टेन हे त्याचे मालक, गणिताचे निवृत्त शिक्षक. हान्सला बेरीज विचारली की तो तेवढ्या वेळा खूर आपटायचा आणि उत्तर बरोबर यायचं. १९०४ साली जाणकारांच्या एका समितीने तपासणी केली, तेव्हा त्यात काही लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने बारकाईने प्रयोग केले आणि १९०७ साली कोडं सुटलं. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, किंवा घोड्याला विचारणारा दिसत नसेल, तर हान्सचं उत्तर चुकायचं. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याच्या मानेत, चेहऱ्यावर नकळत किंचित बदल व्हायचा. घोडा गणित करत नव्हता, माणूस वाचत होता.

ज्यांनी इंजिनिअरिंगची व्हायवा दिली आहे त्यांना हा घोडा अनोळखी वाटणार नाही. एक्सटर्नल प्रश्न विचारतात, शेजारी बसलेले आपले इंटर्नल सर ‘वाढेल’ म्हटल्यावर भुवई उचलतात आणि ‘कमी होईल’ म्हटल्यावर समाधानाने पेनाचं टोपण लावतात. मार्क मिळतात. करंटचं काय होतं ते माहीत नाही ते नाहीच.

चाचणी घेणारा शेजारी बसला की हेच होतं. तो काही बोलत नाही, पण बोट बरोबर बटणाजवळ गेलं की त्याचा श्वास बदलतो. त्यामुळे अनमॉडरेटेड टेस्टकडे बघून वाटतं की चला, हा प्रश्न मिटला. खोलीत कुणी नाहीच, तर इशारा करणार कोण?

तर इशारा वाक्य करतं. ‘लाभार्थी जोडा’ ही उचललेली भुवईच आहे, फक्त छापील. आणि ती जास्त धोक्याची आहे. शेजारी बसलेला मॉडरेटर एकदा चुकला तर एका माणसापुरता चुकतो, पुढच्या वेळी सावरतो. वाक्य चुकलं तर ते पन्नास जणांकडे पन्नास वेळा तसंच जातं. वाटेत ते दुरुस्त करायला कुणी नसतं. ‘म्हणजे नक्की काय करायचं?’ असं विचारलं तर उत्तर द्यायलाही कुणी नसतं. वर शेवटी येणारा आकडा स्वच्छ, टक्केवारीत आणि हिरव्या रंगात येतो. मॉडरेटरवर पक्षपाताचा संशय घेता येतो, पाय चार्टवर कोण घेणार?

*

उत्तर सुचवणारा प्रश्न ही अडचण सॉफ्टवेअरवाल्यांच्या खूप आधी न्यायालयांना माहीत होती. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात कलम १४१ मध्ये सूचक प्रश्नाची व्याख्या होती. विचारणाऱ्याला जे उत्तर हवं आहे किंवा अपेक्षित आहे ते सुचवणारा प्रश्न, असा तिचा आशय. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, पण ही कल्पना तशीच राहिली आहे.

त्यातली मला सगळ्यात शहाणी वाटणारी गोष्ट व्याख्येत नाही, पुढच्या नियमात आहे. सूचक प्रश्न सरसकट बंद नाहीत. सरतपासणीत, म्हणजे आपणच बोलावलेल्या साक्षीदाराला विचारताना, समोरच्या पक्षाने हरकत घेतली तर ते न्यायालयाच्या परवानगीशिवाय विचारता येत नाहीत. उलटतपासणीत मात्र चालतात. फरक कशासाठी? विरोधी पक्षाचा साक्षीदार आपल्या सुरात सूर मिसळेल अशी भीती नसते. तो ताणूनच धरणार. आपला साक्षीदार मात्र आपल्या बाजूने झुकलेला असतो. वकिलाने अर्धं वाक्य दिलं की उरलेलं अर्धं तो आनंदाने पूर्ण करेल.

टेस्ट देणारा माणूस नेहमी आपलाच साक्षीदार असतो. आपण त्याला बोलावलंय, थोडेफार पैसे किंवा कूपन देणार आहोत. तो मदत करायलाच बसलाय. म्हणून त्याच्याशी बोलताना नियम सरतपासणीचा हवा. अडचण एवढीच, की इथे ‘ऑब्जेक्शन!’ म्हणून उठणारा समोरचा वकील नसतो. टास्क लिहिणारे आपण, स्क्रीन बनवणारे आपण, पास-नापास ठरवणारेही आपणच. त्यात शुक्रवारी स्प्रिंट संपतो आणि सोमवारी रिपोर्ट दाखवायचा असतो. कुणीही ठरवून खोटं बोलत नाही. बटणावरचा शब्द टीमच्या तोंडात इतका बसलेला असतो की टास्क लिहितानाही तोच उतरतो. सहा महिने ‘लाभार्थी’, ‘लाभार्थी’ ऐकलेल्या माणसाला तो शब्द अवघड आहे हे दिसतच नाही. लबाडी करायला निदान जागं असावं लागतं. इथे सवयच पुरते.

*

पण वाक्यातून सगळे इशारे काढून टाकले तरी एक उरतोच : ही टेस्ट आहे, हे त्या माणसाला माहीत असतं.

मार्टिन ऑर्न या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६२ साली एक निबंध लिहिला. त्यात एक साधी गोष्ट आहे. त्याने काही ओळखीच्या लोकांना विचारलं, ‘माझं एक काम करशील का?’ ते हो म्हणाले, तेव्हा तो म्हणाला, ‘पाच पुश-अप्स काढ.’ लोक चकित होऊन विचारायचे, ‘का?’ मग तशाच दुसऱ्या लोकांना त्याने विचारलं, ‘एका छोट्या प्रयोगात भाग घेशील का?’ ते हो म्हणाल्यावर पुन्हा तेच : पाच पुश-अप्स. या लोकांचा प्रश्न होता, ‘कुठे?’

‘का’ आणि ‘कुठे’ यांच्यामध्ये माणसाचा सगळा विवेक मावतो.

ऑर्नने पुढे जाऊन लोकांना आकड्यांनी भरलेले दोन हजार कागद दिले. एकेका कागदावर २२४ बेरजा. ‘करत राहा, मी येईन कधीतरी,’ असं सांगून प्रयोग घेणारा निघून गेला. त्याला वाटत होतं की लोक कंटाळून सोडतील. साडेपाच तासांनी प्रयोग घेणाऱ्यानेच हार मानली. मग प्रत्येक कागद पूर्ण झाल्यावर त्याचे किमान बत्तीस तुकडे करा आणि पुढचा घ्या, अशी सूचना दिली. लोक तेही तासन्‌तास करत राहिले. यामागे काहीतरी मोठा हेतू असणार, कदाचित आपली चिकाटी तपासत असतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

आता हे अ‍ॅपकडे आणा. एका बाईंना भाडं पाठवायचा रस्ता सापडत नाही. खऱ्या आयुष्यात त्यांनी अर्ध्या मिनिटात अ‍ॅप बंद केलं असतं आणि शेजारच्या मुलाला हाक मारली असती. पण ही टेस्ट आहे. म्हणून त्या चार मिनिटं झगडतात. प्रत्येक मेनू उघडतात, मागे येतात, पुन्हा जातात, शेवटी एकदाचं सापडतं. रिपोर्टमध्ये त्यांच्या नावापुढे ‘यशस्वी’ लागतं. त्यांची सोशिकता आपण आपल्या डिझाइनच्या खात्यावर जमा करून घेतो.

पुढे सोपं-अवघड विचारणारी एक ते सातची पट्टी येते. पुष्कळ जण एवढं झगडूनही पाच-सहा देतात. कारण अवघड गेलं म्हणायचं तर ‘मलाच जमलं नाही’ अशी कबुली दिल्यासारखं वाटतं, आणि पैसे देणाऱ्याला नावं ठेवणं बरं दिसत नाही.

म्हणून टास्कमध्ये सोडून द्यायची वाट लिहावी लागते, आणि ती सन्मानाची असावी लागते. ‘एरवी तुम्ही जिथे कंटाळून थांबला असता तिथेच थांबा. इथे तुमची परीक्षा नाही, अ‍ॅपची आहे. थांबलात तरी मोबदला पूर्ण मिळेल.’ यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण ते नसेल तर आधीची दोन्ही नुसती गोड बोलणी आहेत. सोडून देण्याचे पैसे कापायचे आणि वर ‘मोकळेपणाने सांगा’ म्हणायचं, ही जुनी मालकी रीत झाली.

शेजारी माणूस नसण्याचं दुसरंही एक ओझं आहे. समोर कुणी असतं तर बाईंनी स्वतःचा खरा खाते क्रमांक टाइप करायला घेतल्यावर तो म्हणाला असता, ‘थांबा, खरा नको.’ रेकॉर्डिंग चालू असताना वरून घरच्या कुणाचा मेसेज सरकत आला तर त्याने रेकॉर्डिंग थांबवलं असतं. आता हे सगळं वाक्याला आधीच करावं लागतं : इथे दिलेलं खोटं नाव आणि खोटा नंबर वापरा, नोटिफिकेशन बंद करा, कोणताही खरा ओटीपी टाकू नका. ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ असं ज्या देशात बँका रोज बजावतात, तिथे चाचणीच्या नावाखाली लोकांना तो टाइप करायची सवय लावणं हे नुसतं वाईट डिझाइन नाही. उद्या कुणीतरी अशीच लिंक पाठवून त्यांना लुबाडणार असेल, तर तुम्ही त्याची रंगीत तालीम करून दिलीत.

*

प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला भूमितीचा प्रश्न विचारतो. दोन फूट बाजूच्या चौरसाचं क्षेत्रफळ चार. तर क्षेत्रफळ दुप्पट, म्हणजे आठ, हवं असेल तर बाजू किती घ्यायची? मुलगा म्हणतो, बाजू दुप्पट करा, चार. सॉक्रेटिस दाखवतो की त्याने तर सोळा येतात. मुलगा म्हणतो, मग तीन. त्याने नऊ येतात. मुलगा म्हणतो, मला नाही माहीत. मग सॉक्रेटिस जमिनीवर कर्ण काढतो, ‘हो ना?’, ‘असंच ना?’ असं विचारत जातो, मुलगा ‘हो, हो’ म्हणत जातो आणि उत्तर मिळतं. सॉक्रेटिसचं म्हणणं असं की ज्ञान मुलाच्या आतच होतं, मी फक्त विचारलं. यावर शतकानुशतकं आक्षेप घेतला गेलाय, की बाबा, हे तर तूच सांगितलंस.

तो वाद मिटवायची माझी पात्रता नाही. पण टास्क लिहिणाऱ्याच्या नजरेने वाचलं तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. त्या संवादात मुलाचं स्वतःचं असं निःसंशय काय होतं? ‘चार’ आणि ‘तीन’. त्याच्या दोन चुका. त्या सॉक्रेटिसच्या प्रश्नात नव्हत्या, त्याने सुचवल्या नव्हत्या, त्या त्या मुलाच्याच डोक्यातून आल्या. बरोबर उत्तर कुणाचं यावर वाद होऊ शकतो, चुका कुणाच्या यावर होत नाही.

म्हणूनच यूजेबिलिटी टेस्टमध्ये माणूस जिथे चुकतो ती जागा सर्वात मोलाची. तिथेच तो आपल्याला माहीत नसलेलं काहीतरी सांगत असतो. बाईंनी ‘लाभार्थी’ सोडून ‘योजना’वर बोट ठेवलं, तर त्यांनी आपल्याला मराठीचा एक धडा दिला. टास्कमध्ये ‘लाभार्थी’ लिहून आपण तो धडा त्यांच्या तोंडातून काढून घेतो. सूचक टास्कने फक्त आकडा बिघडत नाही. ज्याला बोलावलं त्याला बोलू दिलं जात नाही, आणि ‘बोलला’ अशी नोंद मात्र होते.

याची किंमत शेवटी कोण देतं? टीम नाही. टीमला हिरवा रिपोर्ट मिळतो. किंमत देते ती टेस्टला नसलेली हजारावी बाई. तिला भाडं पाठवता येत नाही आणि ती म्हणते, ‘मला नाही बाई मोबाइलमधलं काही कळत.’ डोनाल्ड नॉर्मन यांनी ‘द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज’मध्ये हे केव्हाच लिहून ठेवलंय, की वस्तू वाईट बनवलेली असली तरी लोक दोष स्वतःला देतात. आपल्याकडे त्यात शिक्षणाची, इंग्रजीची, वयाची लाज मिसळते. ऑफिसातल्या एका आळशी वाक्याचा शेवट कुठल्यातरी स्वयंपाकघरातल्या कमीपणात होतो. हे नातं आकडेवारीत दिसत नाही म्हणून ते नाही असं होत नाही.

*

यावर एक रास्त आक्षेप आहे. पूर्ण तटस्थ प्रश्न असूच शकत नाही. काहीच सांगितलं नाही तर माणूस नुसता स्क्रीनकडे बघत बसेल. काहीतरी सांगावंच लागणार, आणि सांगितलं की दिशा आली. मग ‘प्रामाणिक टास्क’ ही कविकल्पनाच नाही का?

अर्धं खरं आहे. म्हणूनच सीमा कुठे आखायची हे महत्त्वाचं. मला ती अशी दिसते : गरज सांगावी, रस्ता सांगू नये. मुलगा, खोली, मालक, पाच हजार ही गरज. मेनू, बटण, लाभार्थी हा रस्ता. गरज त्याच्या भाषेत सांगावी, म्हणजे तो एरवी घरात ज्या शब्दांत बोलेल त्या शब्दांत. आणि काम झालं हे कसं ओळखायचं ते आधी ठरवून ठेवावं, उत्तरं बघून नव्हे. ‘झालं’ हे बटण दाबलं म्हणजे झालं असं नसतं. काम खरंच झालं तरच सांगता येईल अशी एखादी गोष्ट शेवटी विचारावी, उदाहरणार्थ, पैसे कुठल्या नावावर गेले? आणि पन्नास जणांना पाठवण्याआधी एका माणसाला, जो टीममधला नाही, शेजारी बसवून ते वाक्य वाचायला द्यावं. तो कुठे अडखळतो ते बघावं, आणि तेव्हा आपली भुवई जागेवर ठेवावी.

पण आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग मला अजून छळतो. कारण गरजसुद्धा आपणच ठरवलेली असते. त्या बाईंना अ‍ॅपमधून भाडं पाठवायचं आहे, हे त्यांनी कुठे म्हटलं? कदाचित त्या मुलाच्याच खात्यात पैसे टाकून ‘तूच दे रे’ म्हणतील. कदाचित पुण्याला जाणाऱ्या भावाच्या हाती रोख देतील. यातलं काहीही अडाणीपणाचं नाही. ती त्यांची चालणारी, विश्वासाची व्यवस्था आहे, आणि ती आपल्या अ‍ॅपपेक्षा सरस असण्याची शक्यता आहे. टेस्टमध्ये मात्र हे उत्तर द्यायला जागाच नसते. ‘कसं कराल?’ असं आपण विचारतो, ‘कराल का?’ हे विचारतच नाही. ऑर्नच्या भाषेत, आपण त्यांना ‘कुठे?’ एवढंच विचारायची मुभा ठेवलेली असते.

यावर संपूर्ण इलाज मला दिसत नाही. निदान टास्कनंतर एक रिकामा चौकोन ठेवता येतो : ‘हेच काम तुमच्यावर खरंच आलं असतं, तर तुम्ही कसं केलं असतं?’ त्यात आलेलं लिखाण पाय चार्टमध्ये बसत नाही. ते बसून, एकेक करून वाचावं लागतं, त्यात वेळ जातो, आणि मध्येच कुणीतरी लिहिलेलं असतं, ‘मी हे अ‍ॅप उघडलंच नसतं.’ ते वाक्य सोमवारच्या रिपोर्टमध्ये पहिल्या पानावर ठेवायची आपली तयारी आहे का, हे टास्क लिहायला बसण्याआधी स्वतःला विचारावं. नसेल, तर लिंक पाठवून पन्नास लोकांची संध्याकाळ वाया घालवू नये. उत्तर तर आपल्याकडे आहेच.